पसंतीक्रम दोन ते पाच

“देवपुजारी सर, तुमच्या बाई तर भारी निघाल्या हो,” तारेच्या जाळीला कपाळ टेकवून मुरलीधर उमरकर म्हणाला. “आम्ही त्यांना फार तर हजार मतं धरली होती. काहून फसलो आम्ही?”

“तुम्ही शिक्षकांना फक्त नोकर समजलात,” मी म्हणालो. “अधूनमधून ते मतदारही असतात.”

तो हसला. नानासाहेब ठोसरांच्या शिक्षण मंडळाचा हा प्रशासन अधिकारी. बावीस शाळा आणि चार महाविद्यालये यांतला प्रत्येक माणूस त्याच्या सहीने सेवेत येई आणि त्याच्याच सहीने बाहेर पडे. जुनी हस्तलिखिते वाचण्यात एकतीस वर्षे काढून मीही तसाच बाहेर पडलो होतो, एक शाल आणि एक नारळ घेऊन.

एप्रिल महिना होता. क्रीडा संकुलातल्या बॅडमिंटन हॉलमध्ये मतमोजणीचा दुसरा दिवस चालू होता, आणि मतपत्रिका उडू नयेत म्हणून पंखे बंद ठेवले होते. विधान परिषदेच्या शिक्षक मतदारसंघाची ही पोटनिवडणूक. आधीचे आमदार नानासाहेबांचे मेहुणे. अर्धी मुदत शिल्लक असताना ते वारले, आणि घरातली जागा घरातच राहावी म्हणून नानासाहेब स्वतः उभे राहिले. त्यांच्यासमोर उभ्या होत्या त्यांच्याच एका शाळेतल्या गणिताच्या शिक्षिका, रजनी इंगोले.

आदल्या वर्षी दहावीच्या परीक्षेत मंडळाच्या केंद्रावर फळ्यावर उत्तरे लिहून दिली जात होती. पर्यवेक्षक म्हणून गेलेल्या इंगोले बाईंनी फळा पुसला आणि बोर्डाला अहवाल पाठवला. बोर्डाने अहवालाची पोच दिली. मंडळाने निलंबनाचा आदेश दिला. चौकशी समितीने, केंद्रावर गोंधळ घातल्याबद्दल, बाईंनाच दोषी धरले. बडतर्फीचा ठराव सोमवारच्या सभेपुढे होता. मोजणीचा तो दिवस शनिवार.

“मला आमदारकी नको आहे, सर,” माझ्या घरी पहिल्यांदा आल्या तेव्हा त्या म्हणाल्या होत्या. “मला माझी दहावी ब परत पाहिजे. पण निवडून आलेल्या बाईला घरी बसवायची हिंमत त्यांना होणार नाही. मला दुसरा रस्ता दिसत नाही. तुमच्याकडं असेल तर सांगा.”

माझ्याकडे नव्हता. म्हणून मी त्यांचा निवडणूक प्रतिनिधी झालो.

या निवडणुकीत एका नावापुढे शिक्का मारून भागत नाही. आवडत्या उमेदवारापुढे १ लिहायचा. वाटल्यास पुढच्या पसंतीचे २, ३, ४ इतरांपुढे लिहायचे. सुशिक्षितांचा मतदारसंघ, तेव्हा पद्धतही सुशिक्षित. अर्ज मागे घेण्याची मुदत संपली तेव्हा मैदानात नऊ उमेदवार उरले होते: नानासाहेब, इंगोले बाई आणि सात अनोळखी नावे. हे सात जण बाईंची मते खायला उभे केले असावेत असा माझा तर्क होता. तर्क विद्वत्तेला साजेसा होता आणि संपूर्ण चुकीचा होता.

खरे कारण बाईंनी काढले. मंडळाच्या शाळांमधून प्रत्येक शिक्षकाच्या हाती एकेक चिठ्ठी दिली जात असल्याचे कळले, तेव्हा त्यांनी माझ्या टेबलावरच्या पाकिटाच्या पाठीवर आकडेमोड केली.

“नानासाहेबांना पहिली पसंती. मग या सात जणांतल्या चौघांना दोन, तीन, चार, पाच. प्रत्येक शिक्षकाला वेगळा क्रम. सात गुणिले सहा गुणिले पाच गुणिले चार. आठशे चाळीस वेगवेगळे क्रम होतात, सर. मंडळात शिक्षक किती?”

“आठशे बारा.”

“म्हणजे अठ्ठावीस उरतात.” त्यांनी पाकीट माझ्यापुढे सरकवले. “गणित चांगलं आहे हो त्यांचं.”

मोजणीच्या वेळी नानासाहेबांचे प्रतिनिधी त्यांच्या गठ्ठ्यातली एकेक मतपत्रिका जाळीतून वाचणार आणि यादीवर खूण करणार होते. ज्याचा क्रम सापडेल तो निष्ठावंत. गुप्त मतदानाचा हक्क कायम राहणार होता; फक्त मत गुप्त राहणार नव्हते.

मंडळातल्या महाविद्यालयात विलास कोरपे शिकवत असे. त्याने माझ्याकडे प्रबंध केला होता. एका संध्याकाळी तो पायातली चप्पल न काढता दारातच उभा राहिला.

“सर, मला तीन, आठ, चार, सहा मिळालंय,” तो म्हणाला. म्हणजे मतपत्रिकेवरच्या तिसऱ्या, आठव्या, चौथ्या आणि सहाव्या नावापुढे त्याने अनुक्रमे २ ते ५ लिहायचे होते. “प्राचार्यांनी रोज म्हणून घेतलं. पाढ्यासारखं. घरी मुलगी विचारते, बाबा, तुम्ही काय पुटपुटता.”

“मत कोणाला द्यायचं आहे तुम्हाला?”

“बाईंना. आमच्यातल्या पुष्कळांना. पण क्रम सापडला नाही तर?”

“तर विसरलो म्हणायचं. भीतीने माणूस पाठ केलेलं विसरतो, हे शिक्षकाइतकं कोणाला माहीत? शे-दीडशे लोक खरोखरच चुकणार आहेत. त्या गर्दीत तुम्हीही एक. इतक्यांना ते काढू शकत नाहीत. फक्त एक करा. बाईंपुढे १ लिहा आणि बाकीच्या जागा कोऱ्या सोडा. तुमच्या विश्वासातल्या माणसांनाही हेच सांगा.”

“कोऱ्या,” तो म्हणाला.

“पूर्ण कोऱ्या.”

त्याने मान हलवली. सात वर्षे तो माझ्यापुढे अशीच मान हलवत आला होता. ती पुरेशी नाही हे मला कळायला हवे होते.

शनिवारी सकाळपासून अनपेक्षित घडत होते. मंडळाबाहेरच्या शाळांनी बाईंना भरभरून मते दिली होती. दोघांमधले अंतर प्रत्येक फेरीत शंभराच्या आत राही, आणि दोघांपैकी कोणीही विजयाचा कोटा गाठत नव्हते. खालचे सात उमेदवार एकामागून एक बाद होत होते आणि त्यांना मिळालेल्या थोड्याशा मतपत्रिका पुढच्या पसंतीनुसार या दोघांत वाटल्या जात होत्या.

उमरकरची तीन माणसे नानासाहेबांच्या टेबलांवर यादी घेऊन बसली होती. बाईंच्या टेबलांकडे त्यांचे लक्ष नव्हते. शेवटपर्यंत टिकणाऱ्या उमेदवाराच्या मतपत्रिकेवर १ च्या पुढे काय लिहिले आहे ते कोणी वाचत नाही. वाचण्याचे कारणच नसते. मी मात्र वाचत होतो. ती सवय आहे. पानावर अक्षर आहे आणि ते आपण वाचले नाही, अशी अवस्था मला आयुष्यात सहन झालेली नाही.

साडेअकराच्या सुमारास माझ्यासमोर एक मतपत्रिका आली. इंगोले बाईंपुढे ठसठशीत १. खाली तिसऱ्या नावापुढे २. आठव्यापुढे ३. चौथ्यापुढे ४. सहाव्यापुढे ५.

कोरपेच्या प्रबंधाची चारशे बारा पाने मी दोनदा तपासली होती. त्याच्या पाचाचा पोटात वळलेला आकडा मी कुठेही ओळखला असता. पण इथे हस्ताक्षराची गरजच नव्हती. क्रमच त्याचे नाव होता.

मी पुढच्या मतपत्रिका पाहू लागलो. बाहेरच्या शिक्षकांनी बहुतेक ठिकाणी नुसता १ लिहिला होता, फार तर एखादा २. आणि मध्येच एक पाच अंकांची पत्रिका येई. बाईंना १, मग त्या सातांतले चार, नेहमी चारच, आणि एकाही क्रमाची पुनरावृत्ती नाही. दुपारी एकपर्यंत मी अशा एकेचाळीस मोजल्या. एकेचाळीस प्राध्यापक आणि शिक्षक. धैर्य गोळा करून त्यांनी एका चौकोनात विद्रोह केला होता, आणि उरलेल्या चारांत स्वतःचे नाव, शाळा आणि सेवापुस्तकाचा क्रमांक लिहून दिला होता.

नानासाहेबांच्या गठ्ठ्यात न सापडलेला माणूस विसराळू ठरू शकत होता. बाईंच्या गठ्ठ्यात सापडलेला माणूस बंडखोराखेरीज काहीही ठरू शकत नव्हता.

दुपारी अडीच वाजता शेवटच्या फेरीचे आकडे फळ्यावर लिहिले गेले. ठोसर ५,२१७. इंगोले ५,२१३.

“चार,” बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका शांत होता की मला त्याची भीती वाटली. “सर, ती नऊ मतं.”

ती नऊ मते मला पाठ होती. पाचव्या टेबलावरच्या पर्यवेक्षकाने ती बाद केली होती, कारण १ ची शेपटी चौकोनाच्या रेषेखाली जाऊन पुढच्या नावाच्या जागेत उतरली होती. दोन नंबरच्या टेबलावर अगदी तशाच मतपत्रिका वैध धरल्या गेल्या होत्या. आदल्या दिवशी मी हे बाईंना सांगितले होते, आणि गरज पडली तर पुनर्मोजणीत ती सगळी परत येतील असेही. नानासाहेबांची तशी दोनच होती. नऊ उणे दोन, सात. चारांनी पडलेल्या बाई तिनांनी निवडून येत होत्या.

निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांनी ध्वनिक्षेपक हातात घेतला. “पुनर्मोजणीसाठी अर्ज असल्यास कारणांसह लेखी द्यावा. पंधरा मिनिटे थांबतो. त्यानंतर निकाल घोषित होईल.”

बाईंनी कागद काढला. “तुम्ही सांगा, मी लिहिते. टेबल क्रमांक पाच, बरोबर?”

जाळीपलीकडून उमरकर आला. त्याच्या सदऱ्याची पाठ घामाने काळी झाली होती. जिंकत असलेल्या माणसाचा चेहरा असा नसतो.

“मागा ना सर पुनर्मोजणी,” तो हळू आवाजात म्हणाला. “आमची ना नाही. नानासाहेबांनी सांगितलंच आहे, मागितली तर विरोध करू नका. आमची एकशे साठ पाखरं सापडून नाही राहिली. आमच्या झाडावर तर पाहून झालं.” त्याने बाईंच्या गठ्ठ्यांकडे हनुवटी केली. “या वेळी हेही झाड पाहू. निवांत. एकेक फांदी.”

“मत गुप्त असतं, उमरकर.”

“असते ना बाप्पा. आम्ही कुठं कोणाचं नाव विचारतो?”

तो गेला. भिंतीवरच्या घड्याळात मला अकरा मिनिटे उरलेली दिसत होती.

मी किती गोष्टींचा विचार केला हे आज सांगता येईल, पण ते खरे नसेल. मला विचार सुचत नव्हता. चेहरे दिसत होते, आणि त्यांतला फक्त एकच निश्चित, बाकी चाळीस बिनडोळ्यांचे. मी अधिकाऱ्यांकडे गेलो. पुनर्मोजणी केवळ नऊ बाद मतांपुरती करता येईल का, असे विचारले.

“प्राध्यापक साहेब, करायची तर पूर्ण,” ते म्हणाले. “दोन्ही बाजूंचे प्रतिनिधी समोर ठेवून, प्रत्येक मतपत्रिका. उद्या कोणी माझ्यावर बोट दाखवायला नको.”

“प्रत्येक?”

“दोन्ही बाजूंना उघडी दिसेल अशी. तुमच्याच भल्यासाठी.”

परत आलो तेव्हा बाईंचा अर्ज अर्धा लिहून झाला होता. फळ्यावर लिहितात तसे सरळ, सुटे अक्षर.

“थांबा,” मी म्हणालो.

“काय झालं?”

उमरकरची दोन माणसे हातभर अंतरावर उभी होती. तरीही मी बाईंना बाजूला नेऊ शकलो असतो. दहा पावलांवर प्रसाधनगृहाचा बोळ होता, रिकामा. हे मी स्वतःला आजवर अनेकदा आठवून दिले आहे.

“ती नऊ मतं मी परत पाहिली,” मी म्हणालो. “बादच आहेत.”

“पण काल तुम्ही म्हणालात—”

“काल घाईत पाहिली. शेपटी नुसती रेषेवर नाही, पूर्ण खाली उतरली आहे. कोणाला दिलं ते ठरवता येत नाही.”

“दोन नंबरच्या टेबलावर घेतली आहेत तशी.”

“ती वेगळी आहेत. बाई, मी आयुष्यभर हेच काम केलं आहे. अंक कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे मला कळतं. तुम्ही अर्ज द्याल, ते पुन्हा सगळं मोजतील, आणि फरक चाराचा सहा होईल. नाचक्की होईल, एवढंच.”

त्यांनी माझ्याकडे पाहिले. तिथे संशय नव्हता. संशय असता तर मी आज जास्त सुखी असतो. गणित शिकवणारा माणूस सिद्ध करून दाखवा म्हणतो. त्या म्हणाल्या नाहीत. त्यांनी माझ्या विद्वत्तेवर विश्वास ठेवला. माझ्या ज्ञानाचा इतका नेमका उपयोग त्याआधी झाला नव्हता, नंतरही नाही.

“खात्री आहे, सर?”

“आहे.”

त्यांनी कागदाची घडी केली आणि पर्समध्ये ठेवली. “मग सोमवार,” त्या म्हणाल्या.

नानासाहेब चार मतांनी विजयी झाल्याचे घोषित झाले. उमरकरने मला पेढा दिला तेव्हा तो नाराज दिसला. बाईंच्या गठ्ठ्यांना लाख लागली, सुतळी बांधली गेली, ते पेटीत गेले.

सोमवारी ठराव झाला. सतरा सदस्यांनी हात वर केले. मंगळवारी शाळेने बाईंच्या खणातल्या वस्तू पिशवीत घालून घरी पाठवल्या.

महिनाभरात पाचव्या टेबलावरच्या एका कारकुनाने गावात सांगितले की इंगोलेंची नऊ चांगली मते बाद झाली होती आणि प्रतिनिधीने साधा अर्जही दिला नाही. पुढचे लोकांनी स्वतः रचले. मला नातवाच्या वैद्यकीय प्रवेशाची जागा मिळाली असे काहींचे मत होते. मला नातू नाही. बाईंनी माझा दूरध्वनी घेणे बंद केले. मी खुलासा केला नाही. खुलासा म्हणजे एकेचाळीस माणसे, आणि सीलबंद पेट्या त्या काळात सीलबंदच राहत होत्या असे समजण्याइतका मी वाचनाने भाबडा झालेलो नव्हतो.

तीन वर्षांनी नानासाहेबांचा अमृतमहोत्सव झाला. मला निमंत्रण आले, आणि मी गेलो. अपमानाचेही दस्तऐवज पाहून ठेवावेत असे माझे मत आहे. मानपत्र वाचले प्राचार्य डॉक्टर विलास कोरपे यांनी. ‘ज्ञानमहर्षी’ हा शब्द त्यात चार वेळा होता. जेवणाच्या रांगेत तो माझ्या मागे येऊन उभा राहिला.

“सर, राग नका मानू,” तो ताटाकडे पाहत म्हणाला. “पण त्या दिवशी तुम्ही अर्ज द्यायला पाहिजे होता. आम्ही जीव धोक्यात घालून बाईंना मतं दिली. लोक काय म्हणतात ते तुमच्या कानावर असेलच. मी कोणाशी वाद घालत नाही. पण वाईट वाटतं.”

“कोरपे, बाईंपुढे १ लिहिल्यावर तुम्ही काय केलंत?”

“म्हणजे?”

“बाकीच्या जागा कोऱ्या सोडल्यात का?”

तो क्षणभर गोंधळला. मग ओशाळे हसला. “नाही सर. पाठ होतं, ते लिहून टाकलं. हात चालतच राहिला. आणि खरं सांगू, येत असताना जागा कोरी कशी सोडायची? मुलांना आपण हेच तर शिकवतो.”

“बरोबर आहे,” मी म्हणालो, आणि भजी घेतली.

त्याला मी काही सांगितले नाही. सांगितले असते तर पुढची वीस वर्षे तो झोपला नसता, आणि अशी शिक्षा देण्याइतका तो मोठा गुन्हेगार नव्हता. पण त्यानंतरच्या आठवड्यात मी बसने तालुक्याच्या गावी गेलो. बाई तिथे एका बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीत शिकवण्या घेत. मुले आत गणिते सोडवत होती; आम्ही बाहेर ओट्यावर बसलो. मी सगळे सांगितले, एका दमात, टिपणांशिवाय.

“एकेचाळीस,” त्या म्हणाल्या.

“एकेचाळीस.”

“नावं?”

“एकच माहीत आहे.”

“सांगू नका.” त्यांनी पदराने कपाळ पुसले. “आणि माझी ती नऊ मतं चांगली होती.”

“चांगली होती.”

“तुम्ही माझ्या तोंडावर खोटं बोललात.”

“तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही अर्ज दिला असता, असं मला वाटलं.”

“असं वाटलं तुम्हाला.”

“दिला नसता?”

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिले. त्या हॉलमधल्यासारखीच शांत नजर होती, फक्त तिच्यात आता माझ्यासाठी काही नव्हते.

“तुम्ही मला विचारलं असतं तर मी काय केलं असतं, हे मलाही बघायला मिळालं असतं, सर. माझी नोकरी नानासाहेबांनी घेतली. हे तुम्ही घेतलं.”

“आता सांगा,” मी म्हणालो. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. “आता विचारतो आहे. काय केलं असतंत?”

आतून एका मुलीने बाईंना हाक मारली. त्या उठल्या.

“आता मी काहीही सांगितलं,” त्या म्हणाल्या, “तरी तुम्ही ते कशाशी ताडून बघणार?”